ससाण्याचा डोळा

तुळशीदास चितारी चौऱ्याहत्तर साली कुवेतला गेला तेव्हा त्याच्या कराराच्या कागदावर 'कारपेंटर' असं लिहिलेलं होतं. ही एजंटाची थाप. तुळशीदासाने जन्मात कधी दाराची चौकट बसवली नव्हती. सावंतवाडीच्या चिताऱ्यांच्या घरातला माणूस तो. लाकडावर नक्षी कोरायची, लाखेचा रंग चढवायचा, गंजिफाची, म्हणजे दशावताराच्या जुन्या गोल पत्त्यांची, पानं रंगवायची आणि चतुर्थी जवळ आली की गणपती करायचे, हाच त्या घराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग. पण चितारी म्हणजे काय हे मुंबईच्या एजंटाला कुठून कळणार, आणि व्हिसाच्या फॉर्मात तसा रकाना कोण ठेवणार. म्हणून कारपेंटर.

नशिबाने त्याची गाठ हवल्लीतल्या एका पाट्यांच्या दुकानाशी पडली. दुकानांच्या पाट्या, क्लबांच्या ढाली, बक्षिसांच्या फळ्या, असलं सगळं तिथे होई. मालक कुवेती, सगळे त्याला अबू यूसुफ म्हणत. कामगारांचे व्हिसे त्याच्या नावावर आणि पासपोर्ट त्याच्या तिजोरीत. तेव्हाची रीतच होती ती. फोरमन होता मजीद, हैदराबादचा. अक्षर असं काढायचा की अरबी न येणाऱ्यालाही वाचावंसं वाटावं. मात्र त्याचं एक होतं, तो जिवंत प्राण्याचं चित्र काढत नसे. त्याच्या उस्तादाने त्याच्याकडून तसं वचन घेतलं होतं. त्यामुळे दुकानात वाटणीच पडली. अक्षरं मजीदची, चित्रं तुळशीदासाची. सात वर्षांत दोघांत एकदाही वाद झाला नाही.

शहात्तर साली अहमदीच्या तेल कंपनीतला एक इंग्रज इंजिनिअर आपल्या घराण्याची ढाल लाकडात कोरून घ्यायला आला. ढालीवर एक बगळा आणि तीन शिंपले. साहेब बोलका होता, मोडक्या हिंदीत त्याने सगळं समजावून दिलं. शिंपले का, तर पूर्वज यात्रेला गेला होता. ढालीचं उजवं-डावं बघणाऱ्याचं धरायचं नाही, ढाल हातात धरणाऱ्याचं धरायचं. आणि साहेब घरातला दुसरा मुलगा, म्हणून वर एक बारीक चंद्रकोर हवीच हवी. थोरल्याच्या ढालीवर ती नसते. जुन्या काळी लढाईत तोंडावर लोखंडी टोप असे, माणूस ओळखू येत नसे, मग ढालीवरून ओळखायचं, हा आपला हा परका. लिहिता-वाचता न येणाऱ्यालासुद्धा कळलं पाहिजे.

तुळशीदासाला हे इतकं आवडलं की त्याने त्याच आठवड्यात वडिलांना, सखारामांना, पत्र लिहिलं. वडिलांना मोतीबिंदू झालेला, वाचायची तुळशीदासाची बायको मालन आणि उत्तरही तीच लिहायची. उत्तर आलं, "म्हणजे ही साहेबलोकांची गंजिफा. आपल्यात नाही का, परशू दिसला की परशुराम, मासा दिसला की मत्स्यावतार. नाव लिहावं लागत नाही. चंद्रकोर बारीक काढ, जाड काढलीस तर धाकटा थोरल्यावर बसेल." म्हातारा मिश्कील होता. काम शिकवताना मात्र छडी हातात.

त्या छडीने शिकवलेले दोन नियम तुळशीदासाच्या हाडात भिनले होते. एक, डोळ्याची आखणी सगळ्यात शेवटी. रंग, दागिने, बोटांची नखं, सगळं झाल्यावर. डोळा उघडला की लाकडाचं लाकूडपण संपलं. दुसरा, सुतकात डोळा आखायचा नाही. तुळशीदास नऊ वर्षांचा असताना चतुर्थीला सहा दिवस राहिले आणि चुलत आजोबा गेले. पडवीत साठ गणपती रंगून उभे, साठांचे डोळे कोरे. गावचे लोक येऊन हात जोडू लागले. सखाराम चितारी हलला नाही. त्याने कुडाळच्या मेव्हण्याला बोलावलं. तो परक्या कुळातला, त्याला सुतक नाही. मेव्हण्याने तीन दिवस बसून डोळे आखले आणि सखाराम पडवीकडे पाठ करून अंगणात बसून राहिला. त्या वर्षी आमच्या गणपतीची नजर बदलली असं गाव म्हणालं, पण नियम मोडला असं कुणी म्हणालं नाही.

एक्याऐंशी साल उजाडलं. फिंतासला मुलींची एक नवी शाळा बांधून होत होती आणि तिच्या हॉलच्या भिंतीवर लावायला राज्याचं बोधचिन्ह हवं होतं. ते लोक त्याला शिआर म्हणत. पत्र्यावर रंगवलेलं नको, सागवानात कोरलेलं हवं, आठ फुटी. अबू यूसुफ स्वतः येऊन तुळशीदासाच्या फळीपाशी उभा राहिला. असं काम दुकानाकडे आधी कधी आलं नव्हतं.

मजीदने नमुन्याच्या कागदावर बोट फिरवत एकेक सांगितलं. हा सोनेरी पक्षी म्हणजे बहिरी ससाणा, पैगंबरांच्या कुरैश कुळाची खूण म्हणतात. त्याने पंख वर उचललेत आणि पंखांच्या कवेत जहाज घेतलंय. तेल निघण्याआधी हे लोक समुद्रावर जगले, मोती काढले, मलबारचं सागवान आणलं, म्हणून जहाज. छातीवरच्या ढालीत झेंड्याचे रंग. वरच्या पट्टीवर राज्याचं नाव, ते मजीद लिहिणार. ससाण्याची मान उजवीकडे, म्हणजे त्याच्या उजवीकडे. तुळशीदासाला साहेबाची ढाल आठवली. मान एका बाजूला, म्हणजे डोळा एकच दिसणार, हेही त्याने तेव्हाच बघून ठेवलं.

काम सुरू होऊन महिना झाला आणि मालनचं पत्र आलं. मामंजी अंथरुणाला खिळलेत, अन्न कमी झालंय, तुमचं नाव काढतात. तुळशीदास घरातला एकुलता एक मुलगा. पत्र घेऊन तो मजीदबरोबर मालकाकडे गेला आणि सुट्टी मागितली. अबू यूसुफ वाईट माणूस नव्हता. त्याने पत्राकडे बघून मान हलवली, मग दिनदर्शिकेकडे बघून मान हलवली. म्हणाला, "शाळेचं उद्घाटन तीन आठवड्यांनी, मंगळवारी आहे. त्याआधी शिआर पुरा कर. पुरा झालेला मी डोळ्यांनी बघितला की त्याच संध्याकाळी पासपोर्ट तुझ्या हातात. माझा शब्द." त्याने शब्द दिला म्हणजे दिला, हे दुकानात सगळ्यांना माहीत होतं. तुळशीदासाने त्याच दिवशी वडिलांना लिहिलं की ससाणा आठ फुटी आहे, पंखांची पिसं कोरून झाली, जहाज झालं, रंग राहिलाय, डोळा सगळ्यात शेवटी, तो उघडला की येतो. थांबा.

मग तो जेवणखाण विसरून कामाला लागला. खैतानच्या खोलीवर त्याच्यासोबत मालवणचा रामभाऊ राहायचा, पाइपफिटर. तो डबा करून द्यायचा आणि शिव्या द्यायचा. "जेव मरे. तो पक्षी खंय उडान जाणा नाय." तुळशीदास दोन घास खाऊन पुन्हा बसने हवल्ली गाठायचा.

शनिवारी दुपारी दुकानात तार आली. सखाराम चितारी गुरुवारी गेले.

तार मजीदनेच फोडली होती. इंग्रजी चार शब्द त्याने वाचले आणि कागद तुळशीदासाच्या हातात दिला. तुळशीदास रडला नाही. हात धुऊन आला, स्टुलावर बसला आणि समोर बघत राहिला. समोर ससाणा होता. पिसान्‌पीस सोनेरी, छातीवर ढाल, वर मजीदचं अक्षर, आणि डोळ्याच्या जागी कोरं पांढरं अस्तर, सुपारीएवढं. आदल्याच दिवशी रंग वाळायला ठेवून तो घरी गेला होता. डोळा शनिवारी आखायचा असं ठरवून.

आता मेलेल्या बापाचं तोंड तर दिसणार नव्हतं. पण दहावा राहिला होता. पुढच्या शनिवारी दहावा दिवस. सोमवारी पासपोर्ट मिळाला तर मंगळवारी विमान, मुंबईहून रात्रीची एसटी, गुरुवारपर्यंत वाडी. एकुलत्या एक मुलाने बापाला पिंड द्यायला नसावं, याहून मोठी नामुष्की त्या घरात कुणी ऐकली नव्हती. आणि पासपोर्टासाठी काय हवं होतं, तर सुपारीएवढा डोळा. आणि तुळशीदास तर सुतकात होता.

रात्री रामभाऊने ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "अरे, दोन मिनटांचा काम. काढ डोळो आणि जा घराक. बापाशीच्या पिंडाक जातंस, चोरी करूक नाय."

"त्यांनीच शिकवलंय मला," तुळशीदास म्हणाला. "त्यांच्याच सुतकात त्यांचाच नियम मोडून त्यांनाच पिंड द्यायला जाऊ? कुठल्या हाताने देऊ?"

 रामभाऊ भांडी घासायला गेला.

रविवारी तुळशीदास मजीदला घेऊन मालकापुढे उभा राहिला. हे म्हणजे आणखीच अवघड प्रकरण. तुळशीदास हिंदीत बोलणार, मजीद ते अरबीत सांगणार आणि 'सुतक' हा शब्द मजीदच्या हिंदीत नाही आणि अरबीतही नाही. मजीदने आपल्या परीने सांगितलं, याचे वडील वारले, आणि घरात कुणी वारलं की दहा दिवस हे लोक मूर्तीचे डोळे काढत नाहीत.

अबू यूसुफने आधी उठून तुळशीदासाच्या खांद्यावर हात ठेवला, वडिलांसाठी दोन शब्द बोलला. मग पुन्हा बसला आणि त्याचा चेहरा बदलला. तो सावकाश बोलला आणि मजीदने मान खाली घालून सांगितलं. "वो पूछते, मूरत कायकी? ये शिआर है, मियाँ. इसकी पूजा कोई नहीं करता. सिक्के पे है, कागज पे है, तुम्हारे इकामे की, रहने के परमिट की, मोहर पे है. हमारे शिआर कू तुम बुत बनाते क्या, बोलते."

तुळशीदास पुढे सरसावला. आपण काही अपमान केला नाही, उलट मान ठेवतोय, हे त्याला सांगायचं होतं. पण ते हिंदीत धड येईना आणि अरबीत पोचण्याआधीच मालकाने हात वर केला. "माझा शब्द आहे तसा आहे. पुरा कर आणि जा."

बाहेर आल्यावर तुळशीदास मनात म्हणाला, यांना काय कळतंय. पक्षी आहे, पंख आहेत, नखं आहेत, डोळा आखला की बघणारच तो. यांनी आयुष्यात कधी डोळा उघडलाय का? आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला मालकाचा राग आला होता. रागात माणसाला समोरच्याचं खरं बोलणंही खोटं वाटतं.

शेवटी त्याला बापाचीच वाट आठवली. परक्या कुळातला माणूस, आणि दुकानात बारीक ब्रश चालवणारा तसा एक मजीदच. सोमवारी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या त्याने बारीक ब्रश धुऊन पुसून मजीदपुढे धरला.

मजीद एक पाऊल मागे सरला. "मेरे कू नक्को बोलो. तुम जानते."

"जानता हूँ," तुळशीदास म्हणाला. "तुम्हारा तुम्हारे पास, मेरा मेरे पास. पर मेरे बाप का दसवाँ है."

त्याने पुन्हा मागितलं नाही. ब्रश फळीवर ठेवला आणि जहाजाखालच्या लाटांचा निळा रंग उगाच पुन्हा सारखा करत बसला. मजीद त्याच्या कोपऱ्यात जाऊन एक पाटी लिहू लागला. दोनदा चुकला, दोनदा पुसली. ज्या माणसाचं अक्षर वीस वर्षांत पुसावं लागलं नाही, त्याचं.

दुपारी बाकीचे जेवायला गेले तेव्हा मजीद उठला. नळावर जाऊन तोंड-हात-पाय धुतले, ओठांतल्या ओठांत काही म्हणाला आणि ब्रश उचलला. तुळशीदास ससाण्याकडे पाठ करून दाराशी जाऊन उभा राहिला, बाप बसला होता तसा. दोन मिनिटंही लागली नसतील. मजीद मागून म्हणाला, "हो गया." 

तुळशीदासाने वळून बघितलं. डोळा होता, पण तो अक्षर लिहिणाऱ्याचा डोळा होता. बरोब्बर मधोमध, बरोब्बर गोल, जसा अक्षराखाली नुक्ता द्यावा तसा ठिपका. वर पापणीची रेघ नाही, चोचीच्या बाजूला टोक नाही, चमक नाही. एवढा मोठा शिकारी पक्षी, आणि घाबरलेल्या कोंबडीसारखा बघत होता. तुळशीदासाने ब्रश घेऊन धुऊन ठेवला. मजीदने आपलं वचन कुणासाठी मोडलं होतं हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

संध्याकाळी अबू यूसुफ आला. पंख बघितले, जहाज बघितलं, पट्टीवरचं नाव वाचलं आणि डोळ्यापाशी थांबला. ज्याच्या आजोबांनी ससाणे हातावर वागवले, त्याला ससाण्याचा डोळा कळणार नाही तर कुणाला? "हा कुणी काढला?" त्याने विचारलं. खोटं बोलणं मजीदला जमेना. "मी," तो म्हणाला.

मालक चार पावलं मागे जाऊन लांबून बघून आला. मग म्हणाला, "उद्या लोक लांबून बघतील, चालून जाईल. पण हा पुरा नाही. मी शब्द तुळशीदासाला दिला होता, त्याने पुरा करण्याबद्दल. त्याचे दहा दिवस कधी संपतात?"

"रविवारी," तुळशीदास म्हणाला.

"मग रविवारी," मालक म्हणाला आणि गाडीत बसून गेला.

मंगळवारी शाळेचं उद्घाटन झालं. मुलींनी गाणी म्हटली, पाहुण्यांनी भाषणं केली, फोटो निघाले. भिंतीवरच्या ससाण्याचा डोळा कुणाच्या लक्षात आला नाही.

शनिवारी पहाटे रामभाऊ तुळशीदासाला फिंतासच्या किनाऱ्यावर घेऊन गेला. भाताचा गोळा त्यानेच केला होता, वर तीळ घातले होते. तुळशीदासाने वाळूवर रुमाल पसरून पिंड ठेवला आणि दोघे लांब जाऊन बसले. गावी त्या वेळी चुलतभाऊ हरिश्चंद्र ओढ्यावर पिंड मांडत असणार. कावळ्याची वाट बघणं तिथे तरी सोपं होतं. इथे कावळ्याचा पत्ता नाही. पांढरे समुद्रपक्षी आले, वर दोन घिरट्या घातल्या आणि माशांकडे गेले. ऊन चढलं, भरती आली. पाण्याने रुमाल ओढून नेला तेव्हा तुळशीदास पहिल्यांदा रडला, मोठ्याने, लहान पोरासारखा. रामभाऊने त्याला रडू दिलं.

रविवारी सकाळी अंघोळ करून, सुतक फिटवून तो दुकानात गेला. मजीद शिडी गाडीवर बांधत होता. "तुम्हारा खत आया," असं म्हणून त्याने पाकीट पुढे केलं. मालनचं अक्षर. पोस्टाचा शिक्का बारा दिवसांपूर्वीचा, म्हणजे सखाराम जाण्याआधी दोन दिवस टाकलेलं. ते पत्र आणि तार एकमेकांना वाटेत ओलांडून गेली होती. तुळशीदासाने गाडीत बसल्यावर ते उघडलं.

"चि. तुळशीदासास, मामंजी सांगतात तसं लिहिते आहे," मालनने लिहिलं होतं. "ते म्हणतात, तुझं ससाण्याचं पत्र मिळालं. तीनदा वाचून घेतलं. डोळा उघडला की येतो असं लिहिलंस, त्यावरून कळलं की तू घोटाळा करणार. अरे, ती मूर्ती नव्हे, ते चिन्ह. गंजिफाच्या पानावरच्या मत्स्याचा डोळा आपण कधी मुहूर्त बघून आखला का? सोयरसुतकात पानं रंगवायची थांबवली का? पान ते पान, देव तो देव. साहेबाच्या बगळ्याचा डोळा तू काय पंचांग बघून काढलास? राजाच्या खुणेत राजाचा मान असतो, प्राण नसतो. माझं काही आता खरं नाही. मागेपुढे काही ऐकलंस तरी हात थांबवू नको. डोळा आखून टाक आणि ये. हे पत्र पोचेपर्यंत मी थांबायचं बघतो."

खाली मालनने स्वतःचं एक वाक्य लिहिलं होतं, की एवढं बोलून मामंजी दमले आणि झोपले.

गाडी फिंतासच्या रस्त्याला लागली होती. तुळशीदासाने पत्राची घडी घातली, खिशात ठेवली, पुन्हा काढली, पुन्हा ठेवली. साहेबाचा बगळा. पाच वर्षांपूर्वी त्याचा डोळा त्याने दुपारी चहा पिता पिता काढला होता. तेव्हा नियम आठवला नव्हता, आणि आठवायचं कारणही नव्हतं. मालक म्हणाला तेच बापाने लिहिलं होतं, शब्द सोडले तर जसंच्या तसं. ऐकलं असतं तर दहाव्याला तो घरी असता. ऐकलं असतं तर शेजारी बसलेल्या या माणसाचं वचन शाबूत असतं.

हॉल रिकामा होता. मजीदने शिडी भिंतीला लावली आणि खालून दोन्ही हातांनी धरली. तुळशीदास वर चढला. जुना ठिपका त्याने पातळ पांढऱ्याने झाकला, वाळू दिला, मग वरची पापणी, चोचीकडचं टोक, पिवळी कड, आत काळं आणि काळ्यात एक पांढरा थेंब. ससाणा आपल्या उजवीकडे बघू लागला, लांब, समुद्राच्या दिशेने. आखणीला दोन मिनिटं लागली.

मजीदने खालून विचारलं, "अब्बा ने क्या लिखा था, मियाँ?"

तुळशीदासाने ब्रश कपड्याला पुसला. खाली बघायचं त्याला धैर्य झालं नाही.

"काम पूरा करो, लिखा था," तो म्हणाला.